ऊसतोडीला आलेली माणसं गावाची कोण?

कृष्णाकाठची (धागाकर्ती), मार्च २०२५

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी एक मेसेज पडला. गावाबाहेरच्या पडीक रानात उतरलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या बायका सार्वजनिक नळावर पाणी भरायला येतात, गर्दी होते, घाण होते, चोऱ्यामाऱ्यांचीही भीती आहे, तेव्हा ग्रामपंचायतीनं हे बंद करावं. खाली धडाधड अंगठे. अंगठा देणाऱ्यांपैकी बहुतेकांचा ऊस याच टोळ्यांनी तोडला, आमचाही. मी विरोधात लिहिलं तर "ताई, तुम्ही सांगलीत राहता, तुम्हाला इथलं काय माहीत?" असं उत्तर आलं. ग्रुपवर वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून इथं लिहिते आहे.

दसरा-दिवाळी झाली की बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव इकडून बिऱ्हाडं निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, आणि हद्द ओलांडून कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडीपर्यंत. आठ-दहा लाख माणसं, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. त्यांच्याशिवाय आपल्याकडचा एकही कारखाना हंगाम काढू शकत नाही. हार्वेस्टर आलेत, पण लहान तुकड्यांत, ओल्या रानात ते चालत नाहीत.

आता त्यांचा हिशेब बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता. जानेवारी २०२४ च्या करारात मजुरी ३४ टक्के वाढली आणि तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपयांच्या आसपास गेला. ऊस उभा असला, फड, म्हणजे तोडायचं उसाचं रान, चांगला लागला, तर एक कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो. दोन टन धरले तर ७३२ रुपये, दोघांत मिळून. यात पहाटे चारला उठून भाकरी थापण्यापासून ते रात्री गाडी लागल्यावर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढत ट्रक भरून देण्यापर्यंत सगळं आलं. ती फळी वीतभर रुंद असते. खाली अंधार, वर पंचवीस-तीस किलोची मोळी, आणि फळी दर पावलाला लवते. आमच्या रानात एक बाई अशी चढताना मी बघत होते, तिला दिवस गेलेले दिसत होते.

२०२४-२५ च्या हंगामात फेब्रुवारीतच कितीतरी कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप बंद झालं. शंभर दिवस भरले असं धरलं तरी ७३ हजार होतात. कोयत्याची उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, लाखाच्या घरात असते. फिटली नाही की बाकी पुढच्या हंगामावर बसते, आणि पुढच्या वर्षी यायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. ऊस आपला, कारखाना आपला, साखरेचे पैसे आपल्या खात्यावर येतात, आणि तो तोडणारा माणूस मात्र पाण्याच्या नळापाशी "बाहेरचा" ठरतो. हे आपण कशाच्या जोरावर ठरवतो?

रानमळा

ताई, तुमच्या भावनेचा आदर आहे. पण दुसरी बाजूही मांडतो. मी करवीर तालुक्यातला शेतकरी, दोन एकर ऊस.

एफआरपी, म्हणजे कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा सरकारनं ठरवलेला किमान दर, २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३४०० रुपये होता. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, म्हणजे तोडणीचा पैसा शेवटी माझ्याच बिलातून जातो. ते मान्य. पण त्यावर टोळीवाला एकरी वेगळे पैसे मागतो, नाव खुशाली. गाडीवाला खेपेला वरचे पैसे मागतो, नाव एंट्री. न दिली तर माझ्या फडाला कोयता लागत नाही, ऊस वाळतो, तुरे येतात, वजन घटतं. नंबर आला तरी शेतकऱ्यानं हात जोडायचे. आणि वाहतूकदारांना विचारा, मुकादम, म्हणजे टोळ्या जमवणारे ठेकेदार, लाखो रुपये उचल घेऊन येतच नाहीत. माझ्या चुलतभावानं ट्रॅक्टरवर कर्ज काढलं, मुकादमाला पैसे दिले, टोळी आलीच नाही. आज ट्रॅक्टर विकून तो हप्ते भरतोय. त्याच्या घरात "बीडवाले" म्हटलं की काय भावना येते ते समजून घ्या. सगळे लोक वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण राग उगाच आलेला नाही.

साळुंकी

रानमळा यांच्याशी सहमत. एंट्रीवर कुणी बोलत नाही.

धारूरकर

मी उत्तर देतो, कारण माझं बालपण कोपीत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, गेलं.

रानमळा भाऊ, तुमच्या चुलतभावाचं वाईट वाटलं. खरंच. पण तो पैसा मुकादमानं खाल्ला, कोयत्यानं नाही. मुकादम वाहतूकदाराशी कागद करतो, आमच्याशी कागद करत नाही. आमचा माणूस अंगठा उठवतो तो कोऱ्या कागदावर किंवा मुकादमाच्या वहीत. वहीत किती लिहिलं ते हंगाम संपल्यावर कळतं. मुकादम पळाला की वाहतूकदार गावात येतो, आणि त्याच्या हाती लागतात ते आमच्यासारखे. माणसं उचलून नेऊन डांबून ठेवल्याच्या बातम्या दर हंगामात पेपरात येतात. १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारी बंद झाली, आणि आगाऊ रकमेपोटी माणूस अडकवून ठेवणं त्याच कायद्यात बसतं. पण मजूर ठाण्यात गेला की पहिला प्रश्न येतो, "पैसे घेतले होतेस ना?"

उचल चैनीला घेतात असं इथल्या बऱ्याच जणांना वाटतं. आमच्या घरी ती पहिल्यांदा घेतली आजोबांच्या दवाखान्यासाठी. नंतर आत्याच्या लग्नाला. मग बोअर पाडली, ती कोरडी गेली. बालाघाटाच्या डोंगरात आमची जमीन, खाली खडक. खरिपात पाऊस झाला तर कापूस, बाजरी. नाही झाला तर काहीच नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात घरात दाणा नसतो तेव्हा दारात मुकादम येतो. बँक येत नाही.

खाडा म्हणजे काय तेही सांगतो. बाईला ताप आला, बाळंतपण जवळ आलं, पाळी आली म्हणून एक दिवस फडात गेली नाही, तर दोघांचीही मजुरी जाते आणि वर दंड लागतो. आमच्या टोळीत तो पाचशेच्या खाली कधीच नव्हता. माझी आई लहान भावाच्या वेळी आदल्या दिवसापर्यंत मोळ्या बांधत होती. भाऊ कोपीतच झाला. सुईण टोळीतलीच एक आजी. नाळ कशानं कापली ते मी इथं लिहीत नाही.

आणि नळाचं म्हणाल तर, आम्ही ज्या गावी उतरायचो तिथं एका शेतकऱ्याच्या मोटारीचं पाणी मिळायचं, लाइट असेल तेव्हा. रात्री दोनला लाइट आली तर आई रात्री दोनला घागरी भरायला जायची. त्या शेतकऱ्याला मी आजही फोन करतो, दिवाळीला. अशी माणसं तुमच्याकडं खूप आहेत, हेही खरं. त्याच गावात किराणा दुकानात आम्हाला बाहेर उभं राहून सामान घ्यावं लागायचं.

गव्हाण

धारूरकर, थोडं स्पष्ट विचारतो, राग मानू नका. कोणी जबरदस्तीनं आणत नाही ना? तुमच्याकडं रोजगार हमी आहे, रेशन आहे. जिल्ह्याला इतके मोठे नेते मिळाले. तरी पन्नास वर्षं तीच परिस्थिती. मग दोष पश्चिम महाराष्ट्राचा कसा? आम्ही काम देतोय.

कृष्णाकाठची

गव्हाण, रोजगार हमीचा दर महाराष्ट्रात २०२४-२५ मध्ये रोजाला २९७ रुपये होता. काम मिळालं तर, आणि पैसे खात्यावर पडायला लागेल तेवढा वेळ थांबायची तयारी असेल तर. ज्याला सप्टेंबरात एकरकमी साठ-सत्तर हजार हवेत, दवाखान्याचं बिल भरायचंय, त्याला २९७ रुपये रोजाचा काय उपयोग? उचल आणि मजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याला कर्ज हवंय आणि ते त्याला फक्त स्वतःचे आणि बायकोचे हात गहाण ठेवून मिळतं.

रेशनचं कार्ड घरी म्हाताऱ्यांकडं राहतं. इथं दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं असा नियम आहे, पण सकाळी सहाला फडात गेलेला माणूस दुकान उघडं असताना येणार कधी? आणि इथं उचललं तर तिकडं म्हातारा-म्हातारीच्या वाट्याचं कमी होतं.

दोष पश्चिम महाराष्ट्राचा असं मी लिहिलेलंच नाही. नेत्यांबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. करार करायला दोन्हीकडचे नेते बसतात. दर टनावर ठरतो आणि उठतात. कोपीत पाणी, संडास, बाळंतपणाची रजा, यावर करारात काय असतं ते मला कुणी दाखवा.

माणदेशी_डॉक्टर

आरोग्याबद्दल लिहितो. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. शंभरात जवळपास सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

त्या वेळी माझ्या ओळखीच्या शिकलेल्या लोकांत दोन प्रकारची वाक्यं ऐकली. एक, "अडाणी आहेत, डॉक्टर सांगेल ते करतात." दुसरं, "खाडा पडू नये म्हणून स्वतःच काढून घेतात." दोन्हींत ती बाईच जबाबदार. मी पेशंट बघतो म्हणून सांगतो, सुरुवात अंगावर पांढरं जाण्यापासून होते. दिवसभर पाणी कमी प्यायचं, कारण आडोसा नाही. पाळीचं कापड उसाच्या फडात बदलायचं, ते धुवायला पाणी नाही. वारंवार जंतुसंसर्ग. ओझं उचलून अंग बाहेर येणं. पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न, विशीत दोन-तीन बाळंतपणं. औषधानं बरं होण्यासारखा आजार असतो, पण त्यासाठी पुन्हा पुन्हा यावं लागतं. हंगामात ती कुठं येणार? मग गावी परतल्यावर खासगी दवाखान्यात तिला कॅन्सरची भीती घातली जाते आणि ऑपरेशन उरकलं जातं. त्याचाही खर्च उचलीतून. तिशीत गर्भाशय गेलेली बाई, काही जणींचे बीजकोशही काढलेले. चाळिशीत हाडं दुखतात, कंबर धरते, आणि तरी ती मोळी उचलते.

त्यानंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेआधी सरकारी यंत्रणेची परवानगी लागेल अशी व्यवस्था झाली, ते चांगलं झालं. पण ज्या पाण्याअभावी हे सुरू होतं, ते पाणी फडाजवळ आहे, बीडमध्ये नाही. तुमच्या ग्रुपवरचा तो नळ हा माझ्या दृष्टीनं वैद्यकीय विषय आहे.

शेंदूरजना

डॉक्टर, प्रतिसाद वाचून सुन्न झाले. धन्यवाद लिहिल्याबद्दल.

बदनापूर_नाका

मी जालन्याचा. एक वेगळी गोष्ट मांडतो, आमच्याकडच्यांना आवडणार नाही.

ऊसतोडीच्या विषयावर आम्ही मराठवाड्यातले लोक तावातावानं बोलतो, पश्चिम महाराष्ट्र आम्हाला परकं समजतो म्हणून. पण जालन्यात स्टीलच्या कारखान्यांत भट्टीजवळ कोण उभं असतं? मध्य प्रदेश, बिहार, उत्तर प्रदेशातली पोरं. त्यांना आम्ही खोली देताना काय काय विचारतो, जादा भाडं कसं घेतो, मोबाइल चोरीला गेला की पहिला संशय कुणावर घेतो, ते मला माहीत आहे.

८ मे २०२० ची पहाट आठवा. जालन्याच्या स्टील कारखान्यातले मजूर लॉकडाऊनमध्ये गावाकडं निघालेले, रुळांच्या कडेनं चालत. करमाडजवळ थकून रुळावरच झोपले आणि मालगाडीखाली सोळा जण गेले. शहडोल, उमरिया जिल्ह्यांतली माणसं. गाड्या बंद आहेत असं समजून झोपले होते. त्यांच्या भाकऱ्या रुळावर विखुरलेल्या, तो फोटो सगळ्यांनी पाहिला. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर त्या दिवशी काय चर्चा होती? "रुळावर झोपायला कुणी सांगितलं होतं?" मी स्वतः वाचलंय. जालन्यापासून तिथवर रस्त्यात किती गावं लागतात, आणि त्यांना रात्री टेकायला जागा मिळाली नाही, हा प्रश्न एकानंही विचारला नाही.

साळुंकी

पण परप्रांतीयांचा विषय वेगळा आहे. ऊसतोड कामगार आपले मराठी आहेत. दोन्ही एका मापानं मोजू नका.

बदनापूर_नाका

साळुंकी ताई, मराठी आहेत म्हणून कृष्णाकाठच्या गावात त्यांना नळ मिळाला का? एप्रिल २०२० मध्ये राज्यातल्या कारखान्यांवर अडकलेले सव्वा लाखाहून जास्त ऊसतोड कामगार सरकारनं परवानगी दिल्यावर गावी परतले, तेव्हा कितीतरी जणांना स्वतःच्याच गावात वेशीवर थांबवलं. शेतात, झाडाखाली चौदा दिवस काढले लोकांनी. तिथं तर भाषाही तीच, भावकीही तीच. आडनाव, जिल्हा, भाषा ही कारणं नंतर शोधली जातात. ज्याच्याकडं जागा नाही, ज्याला मताची किंमत नाही, त्याला कुठंही बाहेरचा ठरवता येतं.

हातकणंगले_वकील

कायद्याची बाजू, कारण "यांची जबाबदारी कुणाची" या प्रश्नाशी ती जोडलेली आहे.

स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्ये कायदा झाला, पण तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलेल्या कामगारांसाठी. म्हणजे बीडमधल्या केजचा माणूस कर्नाटकात निपाणीला गेला तर त्याचा विचार होऊ शकतो, कोल्हापुरात शिरोळला आला तर नाही. मधे फक्त राज्याची हद्द. राज्याच्या आत तीनशे किलोमीटर आलेला माणूस कायद्याच्या नजरेत स्थलांतरितच नाही.

दुसरी गोष्ट, मालक कोण? कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, माझा मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी यांच्यातलाच एक, कमिशनवर काम करतो. शेतकरी म्हणतो, मी तर कारखान्याचा सभासद, टोळी मी आणली नाही. फडात साप चावला, ट्रॅक्टर उलटला, तर भरपाई कुणाकडं मागायची? मी अशा प्रकरणांत उभा राहिलोय. पहिली कित्येक वर्षं मालक ठरवण्यातच जातात. रानमळा, तुमची एंट्रीची तक्रारही यातूनच येते. कारखान्यानं कोयत्याशी थेट करार केला, मजुरी थेट खात्यावर टाकली, तर खुशालीवर कारवाई करायला एक जबाबदार पक्ष समोर येईल. आज तो नाही, त्याचा तोटा तुम्हालाही होतो.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं आहे. त्यासाठी टनामागे दहा रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच शासनानं द्यायचे असं ठरलं. वसतिगृहं, ओळखपत्रं ही कामं त्यातून सुरू झाली. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ऊसतोड कामगारांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली. वाट बंद नाही, पण रेटा लागतो, आणि तो ऊसपट्ट्यातूनही यायला हवा. एकट्या बीडनं मागून होणार नाही.

रानमळा

वकीलसाहेब, थेट कराराला माझा पाठिंबा. कारखान्याच्या सभेत मी हा मुद्दा मांडला होता. उत्तर मिळालं की मुकादमाशिवाय टोळ्या जमत नाहीत. तिथं विषय संपला.

पाण्याला माझी ना नाही, हे स्पष्ट करतो. माझ्या विहिरीवरून दरवर्षी टोळी पाणी नेते. पण खुशालीबद्दल धारूरकर काही बोलले नाहीत.

धारूरकर

बोलतो. खुशाली घेतात, हे खरं आहे, आणि अडवून घेतात तेव्हा चुकीचं आहे. त्यातला मोठा वाटा कुणाकडं जातो ते तुम्ही टोळीतल्या एखाद्या बाईला विचारा. बहुतेक ठिकाणी तिला किती घेतले हेच माहीत नसतं. मजुरीचा हिशेबसुद्धा नवऱ्याच्या नावावर होतो. बाई अर्धा कोयता, पण वहीत तिचं नाव नाही, ओळखपत्र निघालं तर तेही आधी पुरुषाचं.

झेडपी_गुरुजी

मुलांचा विषय अजून आलाच नाही, म्हणून थोडं. मी पलूस भागात शिकवतो.

पूर्वी कारखान्यांवर साखरशाळा असायच्या. शिक्षण हक्क कायदा आल्यावर त्या बंद होत गेल्या, मुलांनी जवळच्या नियमित शाळेत यावं असं ठरलं. गावी हंगामी वसतिगृह, आणि स्थलांतर केलंच तर शिक्षण हमी कार्ड, ते दाखवून कुठल्याही शाळेत बसता येतं. कागदावर ठीक आहे. पण कोपी शाळेपासून दोन-तीन किलोमीटरवर, मधे ऊस वाहतुकीचा रस्ता. सहा वर्षांच्या पोराला कोण सोडणार? त्यातून आमच्या भागात आता बिबट्याची धास्ती.

यंदा नोव्हेंबरात मी कोप्यांवर गेलो. चौथीतली एक मुलगी, हमी कार्ड होतं तिच्याकडं, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेलं. आई म्हणाली, गुरुजी, हिला पाठवते, पण बारक्याला हिच्यासंगं बसू द्याल का? बारका दीड वर्षाचा. मी हो म्हणालो. दोघं यायला लागली. पोरगं कधी झोपायचं, कधी रडायचं. आठवड्याभरात पालकांची तक्रार आली, आमच्या मुलांचं नुकसान होतंय, शिवाय "यांच्यामुळं आजार पसरतील". मी अंगणवाडी सेविकेशी बोललो, तिनं बारक्याला घेतलं. पोषण आहारही मिळाला त्याला. मुलगी फेब्रुवारीपर्यंत टिकली. सांगायचं कारण, यासाठी कुठलीही नवी योजना लागली नाही. अंगणवाडी होतीच. हंगामी कुटुंबांची मुलं तिनं घ्यायचीच असतात, पण तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि कोपीवाल्यांना ते माहीत नव्हतं.

शेंदूरजना

गुरुजी, त्या तक्रार करणाऱ्या पालकांचं पुढं काय झालं?

झेडपी_गुरुजी

एक जण अजून बोलत नाही. बाकीच्यांना मुलीची वही दाखवली, पाढे तिला त्यांच्या मुलांपेक्षा जास्त येत होते. गप्प बसले. पटलं का ते माहीत नाही.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार, विशेषतः धारूरकर आणि डॉक्टर. मी या चर्चेतले मुद्दे घेऊन सरपंचांना भेटणार आहे. हंगाम संपला म्हणून आता कुणाला घाई नाही, पण मला वाटतं बोलायची वेळ हीच. पडीक रानाजवळून गावची पाइपलाइन जाते, तिथं एक वेगळा नळ काढला तर सार्वजनिक नळावरच्या गर्दीची तक्रारही राहत नाही. बायकांसाठी चार संडास कारखान्यानं बांधावेत असं पत्र सभासद म्हणून आम्ही काही जण देणार आहोत. धारूरकर, अजून काय मागावं?

धारूरकर

ताई, एक दिवा मागा. कोप्यांपाशी खांबावर एक दिवा. अंधारात बायकांना बाहेर जायची भीती असते आणि लेकरांना विंचू-साप चावतात. संडासांना आतून कडी हवी, नाहीतर कुणी वापरणार नाही. आणि आशाताईंना सांगून ठेवा, टोळी उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात गरोदर बायकांची नोंद घ्यायला. महिनाभरानं आल्या तर उपयोग नाही, तोवर टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असते.

हे सगळं दसऱ्याच्या आत झालं पाहिजे. एकदा गाड्या भरून आल्या की मुकादम दाखवेल त्या जागी कोप्या पडतात.

रानमळा

ताई, पत्राचा मसुदा इथं टाका. आमच्याकडंही सभासदांच्या सह्या घेऊन बघतो. त्यात एंट्री-खुशाली आणि थेट करार हे दोन मुद्दे घाला, म्हणजे आमच्या बाजूचे लोकही सही करतील.